माघातले गाव

बारामतीत तहसील कचेरीच्या रस्त्याला माझे झेरॉक्स आणि टंकलेखनाचे लहानसे दुकान आहे. गेली पंचवीस वर्षे मी लोकांचे अर्ज टाईप करतो. सातबारा, फेरफार, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना नंबर १४, वंशावळ असे कागद रोज हाताखालून जातात. पदवी माझ्याजवळ नाही. पण कागद वाचायची खोड लागली, मोडी जमेल तेवढी शिकलो, जुनी गॅझेटिअरे चाळली आणि बारामती-इंदापूरची गावे कशी घडली हे समजून घेण्याचा नाद लागला. हा लेख त्या नादातूनच लिहिला आहे.

काही वर्षांपूर्वी जिरायत पट्ट्यातल्या एका गावाहून एक म्हातारबाबा ग्रामपंचायतीचा कसलासा प्रस्ताव टाईप करून घ्यायला आले होते. सोबत त्यांचा नातू होता. प्रस्तावात गावाची लोकसंख्या लिहायची होती. मी २०११ च्या जनगणनेची यादी उघडली आणि आकडा टाकला. बाबांनी पडद्याकडे पाहत विचारले, "आकडा कंच्या म्हैन्याचा घालताय भाऊ? माघात आमच्या गावात निम्मी माणसं बी नसत्यात."

मी हसलो. बाबा हसले नाहीत. मेंढ्या राखण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि माघात त्यांचा वाडा कोकणात असायचा. ते गेल्यावर मी जनगणनेची तारीख पाहिली. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. पंचांग काढले. तो माघ महिनाच होता.

तेव्हापासून गावाच्या लोकसंख्येचा आकडा पाहिला की मी आधी तो कोणत्या महिन्याचा आहे हे विचारतो. येत्या जनगणनेच्या तोंडावर हा प्रश्न बारामती-इंदापूरच्या प्रत्येक गावाने स्वतःला विचारावा, एवढेच मला सांगायचे आहे.

पांढरी, काळी आणि उपरी

आपल्याकडे गाव म्हणजे दोन गोष्टी : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे राहती वस्ती, गावठाण. काळी म्हणजे शिवारातली कसायची जमीन. पांढरीत कोण राहतो आणि काळीत कुणाचा हक्क आहे, यावरून गावातल्या माणसाची पायरी ठरत असे. ज्याची जमीन वंशपरंपरेने चालत आली तो मिरासदार किंवा थळकरी. बाहेरून आला, पडीक जमीन काही वर्षांच्या कौलाने कसू लागला, पण ज्याला गावात जन्माचा हक्क नाही, तो उपरी. त्याखेरीज बलुतेदार : सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग, गुरव, जोशी, मुलाणी, कोळी. ही यादी गावोगाव थोडी बदलत असे, पण बाराची संख्या लोकांच्या तोंडी बसली होती.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. खेड्याची समाजरचना समजून घ्यायची तर आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आत्र्यांनी वतनदार आणि बलुतेदारांवर लिहिलेच, पण फिरस्त्यांनाही वेगळी जागा दिली. गावात घर नसलेली, पण गावाच्या वर्षभराच्या व्यवहारात ठरलेल्या वेळी येणारी-जाणारी माणसे त्यांना दिसली होती. त्यांची स्वतःची मते आज आपल्याला पटोत न पटोत, गावाचे चित्र नुसत्या पांढरीवर पुरे होत नाही हे त्यांनी ओळखले होते.

गावांचा अभ्यास पुणे जिल्ह्याला नवा नाही. पेशवाई बुडाल्यानंतर लगेचच डॉ. थॉमस कोट्स यांनी लोणी गावाचे वर्णन लिहिले. त्याच लोणीकंदला सव्वाशे वर्षांनी काय झाले होते, यावर डॉ. गो. स. घुर्ये यांचा ग्रंथ १९६० साली आला. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये आणि जातेगाव बुद्रुकचा १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. पण ही गावे पुण्याच्या जवळची किंवा शिरूरकडची. नीरा आणि भीमा यांच्या मधल्या आमच्या पट्ट्याची घडण निराळी आहे. ती पाण्याने केली आहे.

आधी जमीन मोजली, मग माणसे

इंदापूर तालुक्याचे नाव महसुलाच्या इतिहासात पक्के कोरलेले आहे. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला प्रिंगल साहेबाने ठरवलेला सारा इतका जड होता की जमिनी पडीक पडल्या आणि कित्येक कुणब्यांनी गाव सोडले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली. तिची पहिली तीस वर्षांची जमाबंदी १८३६ मध्ये लागू झाली ती इंदापुरातच. आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो, त्या पद्धतीची सुरुवात आमच्या शिवारांतून झाली. म्हणजे इंदापूरच्या शेताला १८३६ मध्ये नंबर मिळाला. इंदापूरच्या माणसाला पहिल्या शिरगणतीसाठी १८७२ साल उजाडावे लागले.

त्या काळी बारामतीचा बहुतेक भाग भीमथडी तालुक्यात मोडत असे. भीमथडीच्या तट्टांचे नाव होते, पण पाऊस भरवशाचा नव्हता. कर्ज पाचवीला पुजलेले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, तो दख्खनच्या दंग्यांचा आरंभ. त्यामागोमाग १८७६-७७ चा दुष्काळ आला. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास होती. ती १८८१ मध्ये नऊ लाखांवर उतरली. पुढे वाढून १८९१ मध्ये ती साडेदहा लाखांवर गेली आणि दुष्काळ व प्लेग सोसून १९०१ मध्ये पुन्हा दहा लाखांच्या खाली आली. या घसरणीत मेलेले किती आणि पोट भरायला निघून गेलेले किती, हे आकडा सांगत नाही. गाव सोडणे हा इथल्या माणसाचा दुष्काळावरचा जुना उपाय आहे.

याच दुष्काळाच्या काळात नीरेच्या डाव्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले. १८८५ च्या सुमारास पाणी सुटले. कालवा पुरंदरातून बारामतीत आणि पुढे इंदापुरात आला. कालव्याखालची जमीन बागायत झाली आणि वरची जिरायत राहिली. तालुक्यातल्या गावांची ही फाळणी आजही कायम आहे. माळेगाव, सांगवी, पणदरे, सणसर, लासुर्णे ही नीरेकाठची गावे एकीकडे. सुपे, मोरगाव, उंडवडी, शिर्सुफळ ही माळरानाची गावे दुसरीकडे.

पाण्यामागोमाग माणसे आली. ऊस कसा लावावा, पाणी किती द्यावे, गूळ कसा उतरवावा हे ज्यांना येत होते ते सासवडचे माळी कालव्याखाली येऊन जमिनी खंडाने घेऊ लागले. पुढे त्यांच्यातलीच मंडळी नीरा ओलांडून माळशिरसकडे गेली आणि १९३० च्या दशकात माळीनगरला त्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहिला. त्याच दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी उसाचे मळे आणि कारखाना उभारला. त्या वस्तीचे वालचंदनगर झाले. शिवारात जिथे माळ होता, तिथे दूरदूरच्या कामगारांच्या चाळी बसल्या. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती ही नावे वाचकांना सांगायला नकोत.

शेवटचा मोठा फेरबदल उजनीचा. १९८० मध्ये भीमेवरचे हे धरण पुरे झाले आणि इंदापूरच्या उत्तरेची कितीतरी गावठाणे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी उतरले की अजून वर दिसते आणि लोक ते पाहायला जातात. देवळाभोवतीची जुनी पांढरी मात्र उठून वरच्या माळावर गेली. नव्या गावठाणात आखीव रस्ते आले आणि आळ्यांची जुनी रचना विस्कटली. पाण्याबरोबर मासेमारी आली आणि भिगवणचा मासळी बाजार वाढला. धरणाने एकाच गावातल्या शेतकऱ्याला विस्थापित केले आणि भोयाला धंदा दिला.

थोडक्यात, आमच्या गावाची समाजरचना बारा बलुत्यांच्या यादीत मावत नाही. मूळचे, कालव्यामागून आलेले, कारखान्यासाठी आलेले, धरणाने उठवलेले, असे थरावर थर आहेत. दुकानात येणारा प्रत्येक जण "आम्ही इथलेच मूळचे" असे सांगतो. कागद उलगडत गेले की बहुतेकांचा एखादा पणजा कुठूनतरी आलेला निघतो.

माघात कोण असते, कोण नसते

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. वरच्या थरांतली माणसे निदान एकदा आली की राहिली. पण इथे दोन मोठे समाजगट असे आहेत की जे दरवर्षी येतात आणि जातात. एक निघतो तेव्हा दुसरा येतो.

निघणारा गट मेंढपाळ धनगरांचा. बारामती-इंदापूरच्या जिरायत गावांत धनगर समाज मोठा आहे. सगळेच आता मेंढ्यांमागे जात नाहीत. शेती, दूधधंदा, नोकरी यांत खूप जण स्थिरावले आहेत. पण ज्यांची खिल्लारे आहेत, ती मंडळी दिवाळी झाली की वाडा हलवतात. घोड्यावर बिऱ्हाड, वाघर, कोंबड्या, लहान लेकरे, आणि घाट उतरून कोकण. तिथे भातखाचरांत मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, आणि कोकणात पाऊस लागायच्या आत वर देशावर परतायचे. कोकणचा पाऊस मेंढीला सोसत नाही, आणि देशावर उन्हाळ्यात चारा नसतो. हे गणित शेकडो वर्षांचे आहे. घरी म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरे राहतात.

येणारा गट ऊसतोडणी कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज या भागांतून, पाथर्डीकडून, जळगावच्या बाजूने टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती तोडणीतून फेडायची. कुणी टायरच्या बैलगाड्यांवर, कुणी ट्रॅक्टरच्या टोळीत. कारखान्याजवळ किंवा गावाच्या कडेला त्यांच्या कोप्यांचा तळ पडतो. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, दलित आहेत, भिल्लही आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की तळ उठतो. मागे चुलीचे दगड उरतात.

म्हणजे माघ महिन्यात जिरायत गावातली बरीच माणसे कोकणात असतात आणि बागायत गावाच्या कडेला बीडचे एक गाव येऊन बसलेले असते. आषाढात याच्या उलट चित्र दिसते.

मोजणीचा नियम

जनगणना या माणसांना कुठे धरते? नियम समजून घेण्यासारखा आहे.

१९३१ पर्यंत आपल्याकडे एका रात्रीची शिरगणती होत असे. त्या रात्री जो जिथे असेल तिथे तो मोजायचा. रात्र निवडताना चांदणे असावे, मोठी जत्रा किंवा लग्नसराईची गर्दी नसावी, असे पाहत. म्हणून बहुतेक तारखा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडल्या : १८८१ ची १७ फेब्रुवारीला, १९३१ ची २६ फेब्रुवारीला. १९४१ पासून एका रात्रीऐवजी काही दिवसांचा काळ आला, पण हंगाम तोच राहिला. १९७१ चा १ एप्रिलचा अपवाद सोडला तर १ मार्च हीच संदर्भाची तारीख ठरून गेली.

२०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी घरोघरी नोंद, २८ च्या रात्री बेघरांची नोंद आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी असा क्रम होता. त्यातला नियम असा की, जो माणूस या संपूर्ण काळात घरापासून दूर आहे, त्याला घरच्या पत्त्यावर धरायचे नाही. तो जिथे सापडेल तिथे धरायचा.

हा नियम चुकीचा नाही. कुणी दोनदा मोजला जाऊ नये आणि कुणी सुटू नये यासाठीच तो आहे. पण आमच्याकडे लावून पाहा. पाटोद्याची जोडी पूर्ण फेब्रुवारी इंदापूरच्या फडात आहे, तेव्हा ती इंदापूरची. आमचे बाबा पूर्ण फेब्रुवारी रायगड जिल्ह्यात आहेत, तेव्हा ते रायगडचे. कागदावर नियम पुरा पाळला तर इंदापूरच्या बागायत गावाची लोकसंख्या फुगते. बीडच्या गावाची आणि आमच्या माळरानाच्या गावाची रोडावते.

आणि नियम पाळणे तरी किती जमते? २०११ मध्ये प्रगणक म्हणून काम केलेले एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, "नियम तोंडपाठ होता. पण तळावर सकाळी जावं तर टोळी पहाटे तीनलाच फडात गेलेली. संध्याकाळी जावं तर बायका चुलीपाशी आणि पुरुष गव्हाणीला नंबर लावून बसलेले. मी बॅटरी घेऊन रात्री गेलो. सगळेच गेले असतील असं मी म्हणणार नाही."

गेल्या हंगामात एका तळावर मी धारूरकडच्या एका बाईंना विचारले, "ताई, मागच्या शिरगणतीत तुम्हाला मोजलं होतं का?" त्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होत्या. म्हणाल्या, "एक मास्तर आला व्हता भाऊ, नावं इचारून गेला. अन् सासू म्हनली, तिकडं गावाकडं बी आमची नावं लिवून घेतली." म्हणजे ही जोडी बहुधा दोनदा मोजली गेली. आणि तिच्या शेजारच्या कोपीतली बाई म्हणाली, "आमच्याकडं कुनीच नाय आलं."

यात आणखी एक मेख आहे, ती फारशी बोलली जात नाही. जनगणनेच्या आधीच्या वर्षी घरयादी होते. घरांना क्रमांक पडतात, आणि त्या यादीवरून प्रगणकाचा गट आखला जातो. २०१० ची घरयादी उन्हाळ्यात झाली, म्हणजे टोळ्या निघून गेल्यावर. तेव्हा तळाची जागा मोकळी होती. फेब्रुवारीत तिथे शेकडो माणसे होती, पण त्यांच्या कोप्यांना घरयादीत क्रमांक नव्हता. ज्याचा क्रमांक नाही त्याच्याकडे जायची आठवण प्रगणकाच्या चांगुलपणावर राहते.

आकड्यावर काय काय टांगलेले असते

चार डोकी इकडे मोजली काय न् तिकडे मोजली काय, असे वाटेल. पण गावाचा कारभार याच आकड्यावर चालतो. ग्रामपंचायतीचे सदस्य सात की नऊ की अकरा हे लोकसंख्येवर ठरते : दीड हजारापर्यंत सात, तीन हजारांपर्यंत नऊ, साडेचार हजारांपर्यंत अकरा, आणि पुढे सतरापर्यंत. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात पडतात. वित्त आयोगाचा निधी वाटताना लोकसंख्येला सर्वात जास्त वजन असते. सपाटीच्या भागात उपकेंद्र पाच हजार लोकांमागे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांमागे, असा हिशेब असतो. पुढची जनगणना होईपर्यंत आकडा बदलत नाही. २०११ चा आकडा इतक्या वर्षांनीही चालतोच आहे.

आता कोयत्याच्या जोडीचे पाहा. ती मोजली गेली इंदापुरात, तिचे मतदान आणि मूळ रेशनकार्ड बीडमध्ये. तिच्या डोक्यामागे येणारा निधी आमच्या गावाला, पण तळावर नळ नाही, संडास नाही, लेकरांसाठी अंगणवाडी असलीच तर गावठाणात. कारण ग्रामसभेत तिला तोंड नाही. तिकडे तिच्या गावाला तिच्या वाट्याचा निधी नाही, पण पावसाळ्यातले सहा-सात महिने ती तिथेच राहते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या ओळखपत्राची नोंदणी मूळ गावात ग्रामसेवकाकडे होते. एक खाते तिला बीडची म्हणते, दुसरे इंदापूरची.

जुन्या काळी तिला उपरी म्हटले असते. पण जुन्या उपऱ्याला निदान कौल मिळत असे, किती वर्षे आणि काय भावाने, ते ठरलेले असे. हिला फक्त उचल मिळते.

माझ्यासारख्या हौशी अभ्यासकालाही हा आकडा फसवतो. जनगणनेच्या गाववार तक्त्यात घरे, लोकसंख्या, सहा वर्षांखालील मुले, साक्षर, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, शेतकरी, शेतमजूर आणि इतर कामकरी अशी माहिती मिळते. माणूस कुठून आला, किती दिवसांपूर्वी आला, हे प्रश्न विचारले जातात, पण त्यांची उत्तरे गाववार छापली जात नाहीत. एखाद्या बागायत गावात साक्षरता अचानक कमी दिसली किंवा शेतमजूर फार दिसले, की आम्ही लगेच त्या गावाच्या मागासपणावर लिहितो. एखाद्या गावात अनुसूचित जमातीची संख्या दिसते आणि गावात विचारले तर तसे कुटुंबच नसते. अशा वेळी मी आता आधी विचारतो, तळ कुठे पडतो? पारध्यांची वस्ती शिवारात आहे का? पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

आता जात मोजायची आहे

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जातनिहाय नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली. संदर्भाची तारीख १ मार्च २०२७. सर्व जातींची नोंद होऊन तिचे आकडे छापले गेले त्याला १९३१ नंतर जवळजवळ शंभर वर्षे होत आली. १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या, बाकी सगळे एका गठ्ठ्यात. धनगर, वंजारी, बंजारा, माळी, मराठा हे सगळे गाववार तक्त्यात एकाच 'इतर'मध्ये बसलेले आहेत.

मधल्या काळात अंदाजावर काम चालले. इतर मागासवर्गाच्या स्थानिक निवडणुकांतल्या आरक्षणासाठी बांठिया आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला, तेव्हा मतदारयाद्यांतल्या आडनावांवरून जात ठरवल्याबद्दल बरीच टीका झाली. ती का झाली हे माझ्या दुकानात अर्धा तास बसले तर कळेल. पवार, शिंदे, काळे, जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावे घेऊन येणारी माणसे किती निरनिराळ्या जातींची असतात! आमच्या भागात आडनावावरून फार तर भावकीचा अंदाज येतो, जातीचा नाही.

तेव्हा प्रत्यक्ष विचारून मोजणे बरेच. पण ते मोजणार माघातच. १ मार्च २०२७ च्या आधीचा फेब्रुवारी हाही माघच आहे. घरयादी आदल्या वर्षी व्हायची आहे. ती पुन्हा एप्रिल ते सप्टेंबरमध्ये झाली तर तळ पुन्हा रिकामे असतील. मग जे तक्ते येतील त्यांत जिरायत गावातले धनगर कमी दिसतील, बागायत गावात वंजारी आणि बंजारा जास्त दिसतील, किंवा ते दोन्हीकडे गळतील किंवा दोन्हीकडे पडतील. पूर्वी गठ्ठ्यात दडून जाणारी चूक आता जातीच्या नावासह छापली जाईल. त्यावर आरक्षण, तिकिटे आणि भांडणे उभी राहतील. गावात जो कधी राहतच नाही त्याच्या संख्येवरून गावातल्या माणसांनी एकमेकांशी भांडावे, याहून वाईट काय?

गावाला करता येण्यासारखे

जनगणनेची तारीख बदला असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात मोजायला गेले तर दुसरी अडचण उभी राहील. कुठलाही महिना घेतला तरी कुणीतरी घराबाहेर असणारच. पण आपल्या गावाचा आकडा कोणत्या महिन्याचा आहे हे गावाला ठाऊक असावे, आणि त्यासाठी गावाला पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट, येत्या हंगामात ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या तळांची यादी करून ठेवावी. तळ दरवर्षी बहुधा त्याच जागी पडतो. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे कोणती टोळी कोणत्या गटात आहे याची नोंद असतेच. ती यादी प्रगणकाच्या हाती दिली तर त्याला बॅटरी घेऊन शोधत फिरावे लागणार नाही.

दुसरी, घर सोडून गेलेल्यांची वेगळी वही ठेवावी. वाडा कोणत्या तालुक्यात आहे, किती माणसे आहेत, केव्हा परततील. ही वही सरकारी आकड्याच्या जागी चालणार नाही हे खरे. पण ग्रामसभेत आकडा वाचताना शेजारी ती वाचली तर अर्थ उलगडेल. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवावे की, नावे सांगताना कोण पूर्ण महिना बाहेर आहे हे प्रगणकाला स्पष्ट सांगा. आपले नाव दोन्हीकडे लागले तर फायदा होईल असे काहींना वाटते. तो फायदा कुणालाच होत नाही, आकडा तेवढा खोटा होतो.

तिसरी, वर्षातून तीनदा, म्हणजे आषाढात, दिवाळीत आणि माघात, शाळेतल्या मोठ्या मुलांकडून वस्तीवस्तीवर डोकी मोजून घ्यावीत. जात विचारू नये, फक्त घर आणि माणसे. तीन आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावेत.

जुन्या गावगाड्यात पुष्कळ अन्याय होता. बलुतेदाराला आणि विशेषतः महार-मांगांना त्याने काय दिले हे कुणाला सांगायला नको, आणि तो परत यावा असे मला मुळीच वाटत नाही. पण त्या गावाला आपल्याकडे केव्हा कोण येते आणि केव्हा कोण जाते हे ठाऊक असे. आजच्या गावाच्या हातात फक्त एक छापील आकडा आहे.

ते म्हातारबाबा आता नाहीत. त्यांचा नातू बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि शहरातच भाड्याने राहतो. परवा रहिवासी दाखल्यासाठी तो दुकानात आला होता. दाखल्यावर पत्ता कोणता टाकू, असे मी विचारले. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "गावचाच टाका काका. रविवारी असतो की मी तिकडं."